वंशभेद, चर्च आणि दक्षिण आफ्रिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धेने वंशभेद मोडतो की त्याला खतपाणी मिळतं, हा वाद हवेत घालण्यापेक्षा एक देश समोर ठेवून घातलेला बरा. दक्षिण आफ्रिकेत दोन्ही घडलं, आणि दोन्ही बाजूंच्या हातात पुस्तक एकच होतं. अभ्यासवर्गात, तरुणांच्या शिबिरात आणि चर्चशी काही देणंघेणं नसलेल्या मित्रांकडूनही जे प्रश्न हटकून येतात, ते खाली घेतले आहेत. उत्तरं एका मापाची नाहीत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काही संपत नाहीत.

अपार्थाइड आणणारे लोक चर्चला जाणारेच होते ना?

होते. अपार्थाइड म्हणजे दक्षिण आफ्रिकेत कायद्याने लादलेली वंशांची विभागणी. १९४८ साली नॅशनल पार्टी निवडून आली आणि पंतप्रधान झाले ते डी. एफ. मलान तर डच वंशाच्या गोऱ्यांच्या, म्हणजे आफ्रिकानेरांच्या, डच रिफॉर्म्ड चर्चचे माजी पाळक. पुढच्या पाचच वर्षांत गोऱ्या आणि गोरेतर माणसांच्या लग्नावर बंदी आली, प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंद झाली, कोणी कुठल्या वस्तीत राहायचं हे कायद्याने ठरलं, आणि काळ्या मुलांसाठी मुद्दाम कमी दर्जाचं शिक्षण ठेवणारा कायदा झाला. या चर्चला लोक थट्टेने ‘प्रार्थनेला बसलेली नॅशनल पार्टी’ म्हणत. मिश्रविवाह बंद करा ही मागणी तर चर्चच्या लोकांनीच सरकारकडे लावून धरली होती. ‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ असं म्हणून हात झटकता येतात, पण त्याने काही उलगडत नाही.

मग हे चर्चमध्ये शिरलं कुठून?

प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या, मेजावरून. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८२९ साली केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेपुढे प्रश्न आला: बाप्तिस्मा झालेल्या गोरेतर सभासदांना गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन द्यायचं का? महासभेने उत्तर दिलं की रंग किंवा कूळ न पाहता सर्वांना एकाच वेळी द्यायचं. शास्त्राचा नियम म्हणून हा विषय तिथेच मिटायला हवा होता.

मिटला नाही. काही मंडळ्यांत गोरे सभासद कुरकुरत राहिले, ‘यांच्याबरोबर नको’ म्हणत राहिले. १८५७ च्या महासभेने मग एक ठराव केला, आणि तो ठराव वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात द्वेषाचा एक शब्द नाही. नव्या विश्वासणाऱ्यांना आहे त्याच मंडळीत सामावून घ्यावं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असं आधी स्पष्ट म्हटलंय. मग पुढची ओळ: परंतु ‘काही जणांच्या दुर्बलतेमुळे’ सुवार्तेच्या कामाला अडथळा येत असेल, तर त्यांना वेगळ्या इमारतीत उपासना करू द्यावी.

म्हणजे चूक आहे हे माहीत होतं. काही जणांचं मन राखायला सवलत दिली. सवलतीची वहिवाट झाली. १८८१ साली मिश्रवंशीय ‘कलर्ड’ सभासदांसाठी वेगळं मिशन चर्चच निघालं. विसाव्या शतकात राजकारण्यांना जेव्हा आदर्श नमुना हवा होता, तेव्हा तो चर्चकडे तयार होता: वेगळ्या इमारती, वेगळे पाळक, वेगळ्या महासभा आणि ‘सगळे प्रभूत एकच’ हे तोंडदेखलं वाक्य. माझ्या मते वंशभेदाचा कायदा १९४८ नंतर आला, पण त्याचं धर्मशास्त्र १८५७ च्या त्या ‘परंतु’त जन्माला आलं.

बायबलमधली कोणती वचनं ते पुढे करत?

मुख्यतः दोन. एक, उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातला बाबेलचा बुरूज. देवाने भाषांची गल्लत केली आणि लोकांना पांगवलं, म्हणून राष्ट्रांनी वेगळं राहणं हीच देवाची इच्छा, असा अर्थ काढला जाई.

दुसरं प्रेषितांची कृत्ये १७:२६, आणि इथे थांबून बघण्यासारखं आहे. प्रेषित पौल अथेन्समध्ये अरीयपगापुढे, म्हणजे तिथल्या सभेपुढे, बोलतोय. वाक्याचा पहिला भाग असा की देवाने एका माणसापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली. दुसरा असा की त्यांचे काळ आणि वस्तीच्या सीमा त्याने ठरवल्या. अपार्थाइडचे समर्थक दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवत: सीमा देवानेच आखल्यात. विरोधक पहिल्या अर्ध्यावर: सगळे एकाच रक्ताचे. वाक्य एकच. पण पौलाचं वाक्य सीमेवर संपत नाही. लोकांनी देवाला शोधावं, आणि तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, हे त्याला सांगायचंय. आणि हे तो सांगतोय कोणाला? स्वतःला इतरांपेक्षा शहाणे समजणाऱ्या अथेन्सकरांना. त्या भाषणातून कुंपण घालायचा परवाना काढायचा म्हणजे वाक्य मधोमध तोडावं लागतं.

बाबेलचंही तेच. पांगापांग हा त्या गोष्टीतला न्याय आहे, आदर्श नाही. कृत्ये २ मध्ये पेन्टेकॉस्टच्या दिवशी सगळ्या भाषांचे लोक एकत्र येतात आणि जो तो आपापल्या भाषेत ऐकतो. भाषा पुसल्या जात नाहीत, माणसं वेगळी बसत नाहीत. हा दुसरा अध्याय त्या मंडळींच्या बायबलमध्येही होताच.

हे आतून सांगणारेही होते. स्टेलनबॉशचे प्राध्यापक बी. बी. कीट आणि प्रिटोरियाचे बेन मराइस यांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की या वचनांवर अपार्थाइड उभं राहत नाही. दोघेही आफ्रिकानेर, दोघेही त्याच चर्चचे. त्यांच्या बोलण्याकडे कानाडोळा झाला.

आणि हामचा शाप?

काळे लोक हामचे वंशज आणि म्हणून शापित, असं सांगितलं जाई. पण तो शाप नोहाने दिलेला, तोही हामला नव्हे, हामचा मुलगा कनान याला (उत्पत्ती ९). कातडीच्या रंगाचा त्यात उल्लेखही नाही. गुलामांच्या व्यापाराला ही गोष्ट सोयीची होती म्हणून ती चालली.

रंगाचा संबंध येणारी गोष्ट हवीच असेल तर गणना १२ वाचा. मोशेने कूशी म्हणजे आफ्रिकेतली बायको केली म्हणून मिर्यामने नाक मुरडलं. देवाने मोशेची बाजू घेतली आणि मिर्यामच्या अंगावर कोड उठलं, बर्फासारखं पांढरं. शास्त्रात विनोद नसतो असं कोण म्हणतं?

चर्चमधून विरोध कोणी केला?

अनेकांनी, आणि सगळे एका साच्यातले नव्हते.

ट्रेव्हर हडलस्टन हे अँग्लिकन संन्यासी धर्मगुरू जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनमध्ये काम करत. १९५५ साली सरकारने ती वस्ती उठवायला सुरुवात केली तेव्हा ते लोकांबरोबर उभे राहिले. पुढे केपटाउनचे आर्चबिशप झालेले डेस्मंड टूटू त्यांची एक आठवण सांगत. टूटूंची आई मोलकरणीचं काम करायची. हा उंच गोरा धर्मगुरू रस्त्यात समोरून आला आणि त्याने तिला हॅट काढून अभिवादन केलं. काळ्या मोलकरणीला कुणी गोऱ्याने मान द्यावा हे त्या पोराने कधी पाहिलंच नव्हतं. प्रवचन वगैरे काही नाही, नुसती हॅट.

केपटाउनचे आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे उलट सावध गृहस्थ. हडलस्टनसारख्यांचा आक्रमकपणा त्यांना रुचत नसे. पण १९५७ साली सरकारने गोऱ्यांच्या भागातल्या चर्चमध्ये काळ्यांना येण्यापासून रोखता येईल असं कलम आणलं, तेव्हा त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं: हा कायदा आम्ही पाळू शकत नाही आणि आमच्या लोकांनाही पाळायला सांगू शकत नाही. राखेच्या बुधवारी सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं.

आणि आल्बर्ट लुटुली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष, १९६० चं शांततेचं नोबेल मिळवणारे, आणि आयुष्यभर काँग्रिगेशनल चर्चचे साधे उपदेशक. १९५२ साली सरकारने त्यांना सांगितलं, चळवळ सोडा नाहीतर गावची मुखियागिरी सोडा. त्यांनी चळवळ धरली, मुखियागिरी गेली. त्या वेळी काढलेल्या निवेदनात त्यांनी लिहिलं की स्वातंत्र्याचा रस्ता क्रूसावरून जातो. नाटालमधल्या ज्या ग्राउटव्हिलचे ते, ते अमेरिकन बोर्ड मिशनचं ठाणं. १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरात काम करणारं मराठी मिशन याच बोर्डाचं. १९३८ साली लुटुली मद्रासजवळ तांबरमला मिशनरी परिषदेसाठी येऊनही गेले होते.

गोऱ्या आफ्रिकानेरांपैकी कोणी उलटलं का?

बेयर्स नॉडे. या माणसाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.

जन्म १९१५ चा. नाव ठेवलं ते ब्रिटिशांशी लढलेल्या बोअर सेनापतीचं. वडील आफ्रिकानेरांच्या ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी, आणि नॉडे स्वतः पंचविशीतच तिचे सभासद. बडं चर्च, मानाची जागा, पुढे महासभेचे नियंत्रक होण्याची वाट मोकळी.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ६९ मृतांचा. त्या डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटेस्लोमध्ये जागतिक चर्च परिषदेच्या तिथल्या सभासद चर्चांची परिषद भरली. तिथे डच रिफॉर्म्डच्या प्रतिनिधींनीही मान्य केलं की कोणालाही रंगावरून चर्चबाहेर ठेवता येणार नाही आणि मिश्रविवाहाला शास्त्रात मनाई नाही. पंतप्रधान फर्व्हुर्ट भडकले, दडपण आलं, आणि चर्चच्या महासभांनी आपल्याच प्रतिनिधींनी मान्य केलेलं सगळं फेटाळलं. एकेक जण शब्द गिळत गेला. नॉडे यांनी गिळला नाही.

शार्पव्हिलच्या आधीच काही तरुण पाळक त्यांना काळ्यांच्या आणि कलर्डांच्या वस्त्या दाखवायला घेऊन गेले होते. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो: बायबल ते आधीपासून वाचतच होते, पण ते नव्याने वाचलं ते वस्त्या पाहिल्यावर. १९६३ च्या सप्टेंबरात आसफोगेलकॉपच्या आपल्या मंडळीपुढे त्यांनी कृत्ये ५:२९ वर उपदेश केला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि वंशभेदाविरुद्ध वेगवेगळ्या चर्चांच्या लोकांना जोडणाऱ्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचं काम घेण्यासाठी पाळकपद सोडत असल्याचं सांगितलं. पुढचं आपल्या गावाकडच्या माणसाला समजावून सांगायला नको: समाजाने वाळीत टाकलं. १९७७ साली सरकारने इन्स्टिट्यूटवर बंदी घातली आणि नॉडे यांच्यावर सात वर्षं निर्बंध लादले. एका वेळी एकाच माणसाला भेटायची मुभा. त्या काळातच त्यांनी गोरं चर्च सोडलं आणि अलेक्झांड्रा वस्तीतल्या काळ्या मंडळीत सभासद म्हणून नाव घातलं. २००४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची रक्षा त्याच वस्तीत विखुरली गेली.

वंशभेदाला ‘पाप’ म्हणणं समजू शकतं, ‘पाखंड’ कशासाठी?

पाप म्हटलं की माणूस कबूल करतो, डोळे पुसतो आणि सोमवारी पुन्हा तेच करतो. पाखंड म्हणजे शिकवणच खोटी. १९८२ साली ओटावाला रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने जाहीर केलं की अपार्थाइडला शास्त्राचा आधार देणं हे पाखंड आहे, आणि गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. त्याच बैठकीत मिशन चर्चचे अॅलन बुसाक अध्यक्ष निवडले गेले. ‘हा राजकारणाचा विषय आहे, चर्चने त्यात पडू नये’ ही पळवाट त्या दिवशी बंद झाली.

त्याच वर्षी केपटाउनच्या बेलहार उपनगरात मिशन चर्चच्या महासभेत एका विश्वासकबुलीचा मसुदा झाला. १९८६ मध्ये तो स्वीकारला गेला. १८८१ मध्ये ज्यांना वेगळं बसवलं, त्यांनीच जगभरच्या चर्चांना हा दस्तऐवज दिला. त्याचे विषय तीन: मंडळीची एकता, ख्रिस्तातला समेट, आणि न्याय. जन्मावरून किंवा वंशावरून मंडळीचं सभासदत्व ठरवणारी कोणतीही शिकवण तो नाकारतो. देव हा विशेषतः निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय झालेल्यांचा देव आहे, असं एक वाक्य त्यात आहे, आणि गोऱ्या चर्चला सगळ्यात जास्त तेच बोचलं.

‘सगळ्यांवर प्रेम करा’ एवढं सांगून भागत नाही का?

नाही. १९८५ साली जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या धर्मगुरूंनी आणि अभ्यासकांनी ‘कैरोस’ दस्तऐवज काढला, तो नेमका याच प्रश्नावर होता. सत्ताधारी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा दाखला देत ‘सरकारचं ऐका’ म्हणत, हे तर उघडच चूक होतं. पण दस्तऐवजाची जास्त तीक्ष्ण टीका भल्या चर्चवाल्यांवर होती, ‘दोन्ही बाजूंनी शांत राहावं, समेट करावा’ असं म्हणणाऱ्यांवर. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याला शांत राहायला सांगणं हा समेट नव्हे. आधी पाय काढा, मग बोलू.

टूटूंनाही त्या काळी काळ्या तरुणांकडून हेच ऐकावं लागे की तुम्ही फार लवकर प्रेमावर येता. मला विचाराल तर त्या तरुणांचं म्हणणं रास्त होतं, आणि तरीही टूटूंशिवाय भागलं नसतं.

गोऱ्या चर्चने शेवटी माफी मागितली का?

१९९० च्या नोव्हेंबरात रुस्टेनबर्गच्या परिषदेत स्टेलनबॉशचे प्राध्यापक विली यॉन्कर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचं पाप कबूल केलं. एवढ्यावर न थांबता आपल्या चर्चच्या वतीने, आफ्रिकानेर समाजाच्या वतीनेही. टूटूंनी तिथल्या तिथे क्षमा स्वीकारली. लगेच कुरबूर झाली: सगळ्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार यांना कोणी दिला? प्रश्न बरोबरच होता. चर्चच्या नेतृत्वाने मात्र दुसऱ्या दिवशी यॉन्कर यांच्या शब्दांना दुजोरा दिला.

त्याआधी १९८६ मध्ये या चर्चने आपली दारं सर्व वंशांना उघडी केली होती. त्यावरून चिडून काही जण बाहेर पडले आणि १९८७ मध्ये त्यांनी फक्त गोऱ्यांचं वेगळं चर्च काढलं. पश्चात्तापाची किंमत सभासदांच्या यादीत मोजावी लागते ती अशी.

सत्य आणि समेट आयोगाने खुन्यांना नुसतं सोडून दिलं, असं म्हणतात. खरं का?

अपार्थाइडच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला टूटूंच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमला होता. म्हणणं अर्धवट खरं. माफीसाठी दोन अटी होत्या: कृत्य राजकीय हेतूने झालेलं हवं आणि सगळं खरं सांगायला हवं. पश्चात्ताप ही अट नव्हती, हे ऐकून पुष्कळ ख्रिस्ती चकित होतात. सात हजारांहून अधिक अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. काळ्यांच्या चळवळीतला तरुण नेता स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारला गेला. त्या प्रकरणातल्या पोलिसांना माफी नाकारली गेली.

पण बिकोच्या कुटुंबाने मुळात माफीच्या तरतुदीलाच न्यायालयात आव्हान दिलं होतं. आम्हाला न्याय हवा, तुमची क्षमा नको, असा त्यांचा पवित्रा होता. न्यायालयाने आव्हान फेटाळलं, तरी त्यांच्या म्हणण्यातली धार त्याने बोथट होत नाही. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावरही पुढे फारसे खटले चालले नाहीत. सुनावण्यांना टूटू जांभळ्या झग्यात बसत, कामाला प्रार्थनेने सुरुवात होई, आणि पीडितांवर क्षमा करण्याचं न बोललेलं ओझं येई ही टीकाही झाली. क्षमा करायची की नाही हे ज्याचं माणूस गेलं त्याने ठरवायचं. चर्चने ती वसूल करू नये.

म्हणजे अपार्थाइड ख्रिस्ती श्रद्धेमुळे गेलं?

एकट्या श्रद्धेमुळे मुळीच नाही. कामगार संघटना, कम्युनिस्ट, मुस्लिम आणि ज्यू कार्यकर्ते, आर्थिक बहिष्कार, १९७६ मध्ये रस्त्यावर उतरलेली सोवेटोची शाळकरी मुलं, सगळ्यांचा वाटा आहे. श्रद्धेने एक काम केलं जे इतरांना जमलं नसतं: सत्तेच्या हातातला बायबलचा आधार बायबलनेच काढून घेतला.

आता तरी तिथली चर्चं एक झाली का?

नाही. मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च (बराचसा भाग) १९९४ मध्ये एकत्र आलं. गोरं डच रिफॉर्म्ड चर्च अजून त्यात नाही. बेलहारची कबुली आपल्या घटनेत घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला, पण लागणारं बहुमत जमलं नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या दोन चर्चांनी तीच कबुली २०१० आणि २०१६ मध्ये स्वीकारली.

आपल्याकडे गोरे-काळे नाहीत. आपला काय संबंध?

पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलांना भाड्याने खोली शोधताना काय ऐकावं लागतं ते त्यांना एकदा विचारा. ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातीतही ‘गोरी, सडपातळ’ असतंच.

आणि १८५७ चा तो ठराव मराठी ख्रिस्ती माणसाने वाचला तर त्याला रंगाआधी जात आठवेल. महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबं एकाच मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या बसतात, एकाच मेजावरून भाकर घेतात, आणि सोयरीक निघाली की आवाज खाली येतो. गोव्यात कोन्फ्रारियांमधली, म्हणजे चर्चशी जोडलेल्या जुन्या मंडळांमधली, जातीची विभागणी हा जुना दुखरा विषय आहे. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चमधला दलितांशी होणारा भेदभाव लेखी मान्य केला. इकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत, आणि त्याविरुद्ध चर्च न्यायाची भाषा बोलतं. ती मागणी मला मान्य आहे. फक्त न्यायालयात ‘आमच्यातही जात आहे’ म्हणायचं आणि मंडळीत ‘आमच्यात जात नाही’ म्हणायचं, हे एका तोंडाने जमत नाही.

अभ्यासवर्गात सुरुवात कुठून करावी?

गलतीकरांस ३:२८ पासून नको. ‘यहूदी नाही, हेल्लेणी नाही’ सगळ्यांना पाठ असतं आणि सगळे मान डोलावतात. कृत्ये १० घ्या: पेत्राला दृष्टांत होतो आणि तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकतो. पुढच्या आठवड्याला गलतीकरांस २:११–१४: तोच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असतो, यरुशलेमहून माणसं येतात, आणि तो भीतीने हळूच उठून बाजूला होतो. पौल त्याला सगळ्यांदेखत सुनावतो. तिसऱ्या आठवड्याला १८५७ चा ठराव वाचा, आणि विचारा की पेत्राची भीती आणि ‘काही जणांची दुर्बलता’ यांत फरक काय. चौथ्या आठवड्याला बेलहार.

पाचव्या आठवड्याला वर्गाचं जेवण ठेवा, हॉलमध्ये नको, कोणाच्या तरी घरी. कोणाच्या घरी हे वर्गानेच ठरवायचं. त्या चर्चेला किमान तासभर राखून ठेवा.